पेपर वाचता का?

साठीच्या पुढचं कोणी तपासायला आलं की बीपीचा पट्टा बांधता बांधता मी एक प्रश्न हमखास विचारतो. "काय, पेपर वाचता का रोज?" बहुतेकांना वाटतं, डॉक्टर गप्पा मारताहेत. काही जण खुशीत येऊन अग्रलेखावर मतही देतात. पण मला खरं तर दुसऱ्या उत्तराची वाट असते. "हल्ली नाही हो वाचत." हे उत्तर आलं की मी पट्टा सोडून खुर्ची थोडी पुढे ओढतो आणि विचारतो, कधीपासून? का सोडलं?

"का"चं उत्तर जवळजवळ नेहमी एकच असतं. "वय झालं आता."

तुम्हीही तुमच्या घरातल्या ज्येष्ठांच्या बाबतीत हे ऐकलं असेल आणि मान डोलावली असेल. गुडघे दुखतात, गॅस होतो, झोप लागत नाही, या तक्रारी घेऊन लोक दवाखान्यात येतात. वाचन सुटलं ही तक्रार घेऊन आजवर माझ्याकडे कोणीही आलेलं नाही. आज मला त्याच विषयावर लिहायचं आहे, आणि तो डोक्यात आला तो दवाखान्यात नव्हे, वाचनालयात.

आमचा दवाखाना दुपारी बंद असतो. एरवी ती वेळ जेवणाची आणि तासभर लवंडण्याची. त्या दिवशी सौ.ने दोन पुस्तकं हातात दिली आणि "बदलून आणा, तारीख उलटून जाईल" म्हणून पिटाळलं. आपल्या पनवेलचं के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालय जुन्या पनवेलकरांना सांगायला नको. खारघर-कामोठ्याकडच्या नव्या पनवेलकरांना मात्र आवर्जून सांगतो, कारण त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना पनवेल म्हणजे स्टेशन, हायवे आणि मॉल एवढंच ठाऊक असतं. १८५२ साली नगरपालिका स्थापन झालेलं हे गाव आहे. २०१६ मध्ये महानगरपालिका झाली म्हणून ते नवं झालं नाही.

पुस्तकं बदलायला दहा मिनिटं पुरली असती. मी तिथे दुपारभर बसलो. वाचायला म्हणून बसलो होतो, पण खरं सांगायचं तर वाचलं कमी आणि वाचणाऱ्यांकडे पाहिलं जास्त. सवय जात नाही. शिंपी जसा लग्नात सदऱ्यांच्या शिवणी बघतो, तसा डॉक्टर चार माणसांत बसला की चाल, हात, डोळे बघत राहतो.

एक गृहस्थ पेपर हात लांब करकरून वाचत होते. हे तर चाळिशीचं लक्षण, डोळ्यातलं भिंग वयानुसार ताठर होतं आणि जवळचं नीट दिसेनासं होतं. त्याला चष्मा हा साधा उपाय आहे. त्यांचे मित्र मात्र पंचाहत्तरीचे असतील, चष्मा न लावता बारीक टाइप वाचत होते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझा वाचायचा चष्मा सुटला बघ!" लोकांना हे ऐकून हेवा वाटतो. मला शंका येते. मोतीबिंदूचा एक प्रकार असा असतो की त्यात भिंगाचा मधला भाग घट्ट होतो, नंबर बदलतो आणि काही काळ जवळचं बिनचष्म्याचं दिसू लागतं. घरचे म्हणतात, आजोबांची नजर परत आली. ती परत आलेली नसते. काही महिन्यांनी तेही धूसर होतं, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात. म्हणून चष्मा आपोआप सुटला तर पेढे वाटण्याआधी डोळे तपासून घ्या.

मधुमेहींसाठी एक गोष्ट इथेच सांगतो. साखर वरखाली होत असेल तर भिंगातल्या पाण्याचं प्रमाण बदलतं आणि त्याबरोबर नंबरही. शुगर वाढलेली असताना घाईने चष्मा करून घेतात, औषधाने शुगर ताळ्यावर आली की तोच चष्मा निरुपयोगी होतो. पैसे वाया. साखर काही आठवडे स्थिर राहू द्या, मग नंबर काढा. पडद्याची तपासणी मात्र त्यासाठी थांबवू नका, ती दरवर्षी हवीच, दिसायला काही त्रास नसला तरी.

आणि आता एक चाचणी, जी तुम्ही हा लेख वाचता वाचता करू शकता. वाचायचा चष्मा असेल तर लावा. डावा डोळा तळहाताने झाका, दाबू नका. उजव्या डोळ्याने पेपरच्या स्तंभाची उभी कडा बघा. मग उलट करा. कडा सरळ दिसली पाहिजे. मध्येच वाकडी, लाटेसारखी दिसली किंवा मधली अक्षरं पुसल्यासारखी वाटली, तर दृष्टिपटलाच्या मध्यभागी काही बिघाड असू शकतो आणि त्यातल्या काही प्रकारांत उपचाराला उशीर परवडत नाही. दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा वाईट डोळ्याची उणीव झाकतो, म्हणून हे महिनोन्महिने कळत नाही. काचबिंदूचं तर याहून अवघड. त्यात कडेची नजर आधी जाते, वाचन शेवटपर्यंत नीट चालतं, त्यामुळे ही चाचणी त्याला पकडत नाही. चाळिशीनंतर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्याचा दाब आणि मागची नस तपासून घेणं हाच मार्ग. घरात कोणाला काचबिंदू असेल तर जास्तच.

डोळ्यांचं एवढं पुरे. त्या दुपारी मी जे शिकलो ते देवघेवीच्या काउंटरवर.

तिथल्या ताईंशी ओळख निघाली. मी सहज विचारलं, "नेहमीचे लोक यायचे बंद झाले तर तुम्हाला कळतं का?" त्या हसल्या. "कळतं म्हणजे काय डॉक्टर, आम्हाला घरच्यांच्या आधी कळतं!" आणि मग त्या जे बोलल्या, ते कुठल्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात शोभलं असतं. एक आजी आठवड्याला दोन कादंबऱ्या नेत, त्या हळूहळू फक्त मासिकं नेऊ लागल्या, मग मासिकंही न उघडता परत येऊ लागली. एका काकांनी एकच पुस्तक महिन्यात तिसऱ्यांदा नेलं, आणि "हे वाचलंय तुम्ही" म्हटलं तर चिडले. एक बाई पुस्तक बदलायला येतात, पण पुस्तक निवडतच नाहीत, नुसत्या खुर्चीत बसून राहतात.

या तिघांचं वाचन सुटलेलं आहे, पण कारणं तीन असू शकतात, आणि म्हणूनच "वय झालं" हे उत्तर मला मान्य नाही.

कादंबरीकडून मासिकाकडे, मासिकाकडून कशाकडेच नाही, ही उतरंड मोतीबिंदूची असू शकते, किंवा मन उदास असण्याचीही. उदासीनतेच्या आजारात अक्षरं दिसतात, पण तेच पान चार वेळा वाचलं तरी आत काही जात नाही. आवडीची गोष्टच नकोशी होते. ज्येष्ठांमध्ये हा आजार रडण्याने ओळखू येत नाही. तो भूक कमी होण्याने, पहाटे तीनला जाग येण्याने आणि "कशाला आता" या दोन शब्दांनी ओळखू येतो. हे दोन आठवड्यांच्या वर टिकलं तर डॉक्टरांना दाखवा. उपचार आहेत आणि सत्तरीतही त्यांचा उपयोग होतो.

तेच पुस्तक तिसऱ्यांदा नेणारे काका मला जास्त काळजीत टाकतात. विसरणं सगळ्यांचंच होतं. चष्मा कुठे ठेवला हे मीही विसरतो. पण वाचलेलं पुस्तक हातात घेऊनही ओळख न पटणं, आणि आठवण करून दिल्यावर राग येणं, हे वेगळं आहे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात अशी असू शकते. मात्र लगेच त्या निष्कर्षावर उडी मारू नका. बी-१२ ची कमतरता (शाकाहारी लोकांत आणि वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती बरीच आढळते), थायरॉईडचं काम मंदावणं, झोपेच्या गोळ्या, ऐकू कमी येणं, या सगळ्यांनी माणूस विसराळू दिसतो, आणि ही कारणं साध्या तपासण्यांत सापडतात. म्हणून तर आधी तपासायचं.

ताईंनी शेवटची गोष्ट आवाज खाली आणून सांगितली. "डॉक्टर, एक सभासद आहेत. पूर्वी त्यांची सही दोन रकाने ओलांडून जायची. आम्ही चेष्टा करायचो. आता बघा, मुंगीएवढी झालीय."

नाव त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण अर्ध्या तासाने एक गृहस्थ काउंटरवर आले, पुस्तक ठेवलं, सही करायला लागले, आणि ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी सही पाहिली नाही. मी त्यांची चाल पाहिली होती. उजवा हात चालताना हलत नव्हता, अंगाला चिकटून होता. चेहऱ्यावर फारसे भाव नव्हते. हात कापत नव्हता.

पार्किन्सन म्हटलं की लोकांना कापणारा हात आठवतो. पण कित्येकांत सुरुवात कंपाने होतच नाही. अक्षर लहान होत जातं, ओळीच्या शेवटी तर आणखी बारीक. बटणं लावायला वेळ लागतो. पाय घासत चालतात. आवाज खाली जातो. बद्धकोष्ठता आणि वास कमी येणं ही तर याच्याही काही वर्षं आधी सुरू झालेली असू शकतात. घरचे म्हणतात, आळशी झालेत, मंद झालेत, ऐकत नाहीत.

आता प्रश्न असा की काय करायचं? अनोळखी माणसाला वाचनालयात गाठून "तुम्हाला अमुक आजार असावा" असं सांगायचं नसतं. तो दवाखाना नाही, त्यांनी मला विचारलेलं नाही, आणि चार फुटांवरून केलेलं निदान हे निदान नसतं. पण गप्प बसून घरी येणंही मला जमलं नसतं. मी त्यांच्या शेजारी बसलो. कोणतं पुस्तक नेताय, कुठे राहता, असं बोलणं सुरू झालं. मी डॉक्टर आहे हे कळल्यावर, जसं नेहमी होतं तसं, त्यांनीच विषय काढला. उजवा खांदा सहा महिने आखडलाय, शेक घेतो, मालिश करतो, फरक नाही. पार्किन्सनमध्ये ताठर झालेला खांदा 'फ्रोजन शोल्डर' म्हणून उपचार घेत राहतो, हे आम्ही नेहमी पाहतो. मी म्हटलं, "काका, खांदा एकदा मेंदूच्या डॉक्टरांनाही दाखवा. आणि जाताना मुलाला किंवा सुनेला बरोबर न्या." ते थोडे दचकले. "खांद्यासाठी मेंदूचे डॉक्टर?" मी सांगितलं, की खांद्याला हुकूम मेंदूच देतो. आणखी एक सांगितलं, "पाच वर्षांपूर्वीचा एखादा चेक, अर्ज, तुमची सही असलेलं काहीही घेऊन जा."

ते गेले, त्यांना दाखवून आले, औषध सुरू झालं. हे मला नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं. पार्किन्सन पूर्ण बरा करणारं औषध आज नाही, पण हालचाल सोपी करणारी चांगली औषधं आहेत, आणि व्यायामाचा त्यात मोठा वाटा आहे. सही अजून लहानच आहे म्हणे. पण शर्टाची बटणं ते स्वतः लावतात.

इथे एक वेगळी, तातडीची गोष्ट सांगायला हवी. वर लिहिलेलं सगळं हळूहळू होणारं आहे. वाचता येणं अचानक बंद झालं, सकाळी पेपर वाचला आणि दुपारी अक्षरं ओळखू येईनात, किंवा ओळीचा एका बाजूचा भाग दिसेनासा झाला, तर तो पक्षाघात असू शकतो, हातपाय व्यवस्थित चालत असले तरी. काही रुग्णांना लिहिता येतं, पण स्वतःच लिहिलेलं वाचता येत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण मेंदूत लिहिण्याची आणि वाचण्याची वाट सगळीकडे एक नाही. अशा वेळी झोपवून बघू, उद्या चष्मेवाल्याकडे नेऊ, असं करू नका. सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात थेट न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

आरोग्याची पुस्तकं घेताना

मी आरोग्याच्या पुस्तकांच्या कपाटाशीही रेंगाळलो. पनवेल हे तसं औषधांचं गाव. धूतपापेश्वरची आयुर्वेदिक औषधांची परंपरा इथे १८७२ पासूनची. त्यामुळे घरोघरी काढे, अर्क, आसवांचं ज्ञान असतं आणि आरोग्याची पुस्तकं भरपूर वाचली जातात. वाचा, जरूर वाचा. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरापेक्षा पुस्तक शतपटीने बरं, कारण त्यावर लेखकाचं नाव असतं आणि ते उद्या बदलून टाकता येत नाही. पण पुस्तक उघडलं की आधी आवृत्तीचं साल बघा. कादंबरी जुनी झाली तर बिघडत नाही. औषधोपचाराचं पुस्तक जुनं झालं तर बिघडतं.

उदाहरण देतो. जुन्या पुस्तकांत जुलाब झाले की लंघन करा असं सापडेल. आज आपण सांगतो की लहान मुलाला ओआरएस आणि अन्न दोन्ही सुरू ठेवा, आईचं दूध अजिबात बंद करू नका. हृदयविकाराच्या झटक्यानंतर सहा-सहा आठवडे खाटेवर झोपवण्याची पद्धत होती. आता प्रकृती स्थिर असेल तर रुग्णाला एक-दोन दिवसांत उठवतात. सर्पदंशावर वर आवळून बांधा, चीर पाडून रक्त काढा, असं छापलेलं असे. यातलं काहीही करायचं नाही. हातपाय न हलवता, काठीच्या आधाराने स्थिर ठेवून, लवकरात लवकर प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात जायचं. कर्नाळ्याच्या बाजूला, तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर पावसाळ्यात हे उपयोगी पडेल.

आणि विंचू. हे तर आपल्या रायगडनेच जगाला शिकवलं. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने चांगली धडधाकट माणसं, मुलं दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, विष हृदयावर कसं परिणाम करतं ते दाखवलं, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून मृत्यूचं प्रमाण खूप खाली आणलं. त्यांचे निबंध १९८० च्या दशकात 'लॅन्सेट'मध्ये आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधीच्या पुस्तकात विंचवावरचा उपचार वाचाल तर हे औषध सापडणारच नाही. डॉक्टरांचं आत्मचरित्र 'बॅरिस्टरचं कार्टं' मराठीत आहे. ते मात्र कुठल्याही सालातली आवृत्ती मिळाली तरी घ्या.

वाचल्याने आयुष्य वाढतं का?

हा प्रश्न मला त्या दिवशी तिथल्याच एका आजोबांनी विचारला. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पन्नाशीपुढच्या ३,६३५ लोकांची बारा वर्षांची माहिती पाहिली. पुस्तकं वाचणारे, न वाचणाऱ्यांपेक्षा सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले. नुसती वर्तमानपत्रं, मासिकं वाचणाऱ्यांना एवढा फायदा दिसला नाही. आजोबा खूश झाले. मी त्यांना थोडं थांबवलं. वाचणाऱ्यांचं शिक्षण, पैसा, मुळातली तब्येत चांगली असू शकते. संशोधकांनी त्याचा हिशेब केला होता, तरी असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही.

न्यू यॉर्कमध्ये पंचाहत्तरीपुढच्या ४६९ लोकांवरचा २००३ चा अभ्यास आहे. त्यात वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. पण तिथेही पेच तोच: वाचन सुटलं म्हणून विसरणं आलं, की विसरणं सुरू होत होतं म्हणून वाचन सुटलं? म्हणूनच मी सुटलेल्या वाचनाकडे आधी लक्षण म्हणून बघतो आणि मग सवय म्हणून.

मला स्वतःला हैदराबादचा अभ्यास जास्त आवडतो. २०१३ मध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण पाहिले. दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यातही हा फरक दिसला. म्हणजे घरात आगरी, बाजारात मराठी आणि लोकलमध्ये हिंदी बोलणारी आपली मासळीवाली मावशी, जिने आयुष्यात पुस्तक उघडलं नाही, तीही मेंदूला रोज तालीम देतेच आहे. वाचणाऱ्यांनी फार शेफारून जाऊ नये.

मला तिथे जाणवलेला फायदा मात्र पुस्तकाचा नव्हताच. पेपरची पुरवणी कोणाकडे आहे यावरून रोज होणारा तोच वाद, "काल आला नाहीत?" हा प्रश्न, जिना चढून येणं, घराबाहेर पडायला एक कारण असणं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये सांगितलं की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा छळतो. एकटेपणावर मी गोळी लिहून देऊ शकत नाही. आपल्या राज्यात १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानुसार शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं गावोगाव आहेत, नाममात्र वर्गणीत. गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांना मी चिठ्ठीवर औषधांच्या खाली "संध्याकाळी वाचनालय" असं लिहून दिलं. औषधवाल्याने फोन करून विचारलं, हे कुठल्या कंपनीचं?

ज्यांना वाचणं आता जमणारच नाही, त्यांना वाचून दाखवा. दहा मिनिटं पुरतात. मोठ्या आवाजात वाचण्यापेक्षा सावकाश, समोर बसून, ओठ दिसतील असं वाचा, कारण या वयात कान आतून शब्दांचे तुकडे करतो आणि आवाज वाढवून ते जुळत नाहीत. धुळीची ॲलर्जी किंवा दमा असेल तर जुनी पुस्तकं आधी उघड्यावर कोरड्या फडक्याने, तोंडाला रुमाल बांधून, दुसऱ्याकडून पुसून घ्या.

आणि पुढच्या वेळी तपासायला याल तेव्हा वाचायचा चष्मा बरोबर आणा. निम्मे लोक तो घरी विसरून येतात, आणि मग गोळ्यांच्या पाकिटावरची मुदतीची तारीख त्यांना वाचता येत नाही, की चष्मा लावूनही वाचता आली नसती, हे मला कळायला मार्ग राहत नाही.